पाण्याकाठचा चित्रकार

जुने चित्रकार म्हटलं की आपल्याला पटकन आठवतात ते राजा रविवर्मा. त्यांच्या देवीदेवतांच्या तसबिरी घरोघरी पोचल्या. पण त्याच काळात कोल्हापुरात एक माणूस तळ्याकाठी बसून नुसतं पाणी, झाडं, जुने दगडी घाट रंगवत होता. त्यांचं नाव आबालाल रहिमान.

आबालालांचे वडील कुराणाच्या नक्षीदार प्रती हातानं लिहीत. रेषेचं वळण मुलाला घरातच मिळालं. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. मुंबईत राहून बड्या लोकांची चित्रं काढली असती तर पैसा कमी पडला नसता. पण ते गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं, तरी त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थाच्या काठी. तिथे ते फकिरासारखे एकटे राहिले.

रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो, उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. असला काळवंडलेला दगडही त्यांना चित्राचा विषय वाटला. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रॉइसडालसारख्या चित्रकारांनी पडके वाडे, शेतं, पाणचक्क्या रंगवल्या. आपल्याकडे मात्र देवादिकांशिवाय, राजेरजवाड्यांशिवाय चित्र कसलं, असंच तेव्हा बहुतेकांना वाटे.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते स्वतःही गेले. मागे राहिली ती थोडकी चित्रं. पण त्यांच्यामुळेच तेव्हाचं पाणी, तेव्हाची संध्याकाळ आज आपल्याला दिसते.

आपल्या जिल्ह्यात तर गावंच पाण्यात गेली. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या ३३ गावांना सरदार सरोवराच्या बुडिताची झळ बसली. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढणाऱ्या नातवंडांना आजीचं घर, कुडाच्या भिंती, नदीकडे उतरणारी वाट कशी होती, ते कसं कळणार?

म्हणून सुट्टीत मुलांच्या हातात कागद-रंग द्या. आजीला शेजारी बसवा. ती सांगेल, मुलं काढतील. चित्र वाकडंतिकडं झालं तरी चालेल. मागे गावाचं नाव आणि तारीख तेवढी लिहून ठेवा.