अथालची भट्टी आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या घरी किर्लोस्कर म्हटले की सौभद्रच आठवावे, अशी रीत होती. वडील कोल्हापूर दरबारचे गायक. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते, आणि मी त्यांना फार उशिरा झालेला मुलगा. तरी घरातले दरबारी शिरस्ते माझ्या लहानपणापर्यंत टिकून होते. तंबोरा गवसणीतून निघाल्याखेरीज सकाळचा चहा नाही, आणि किर्लोस्कर म्हणजे अण्णासाहेबच. दुसऱ्या किर्लोस्करांची ओळख मला आजोळी झाली. तेथे गोठ्याच्या भिंतीला त्यांचा लोखंडी नांगर टेकून ठेवलेला असे. हे दोघेही बेळगाव जिल्ह्यातील एकाच गावचे, गुर्लहोसूरचे, हे पुष्कळ पुढे कळले. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ चा, लक्ष्मणरावांचा २० जून १८६९ चा. एकाच गावाने महाराष्ट्राला संगीत नाटकही द्यावे आणि लोखंडी नांगरही द्यावा, याचे मला अजून नवल वाटते.

लक्ष्मणरावांवर लिहावे असे मनात आले ते मात्र फार दूर, सिल्वासाजवळच्या अथाल गावी. सिल्वासा आपल्या वाचकांस ठाऊक आहे ते १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते पोर्तुगीज अमलातून सुटले, आणि त्या लढ्यात आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके होते. आता दमणगंगेच्या काठचा तो मुलूख कारखान्यांनी भरून गेला आहे. तेथील मराठी मंडळींनी गणेशोत्सवात गाण्यासाठी बोलावले म्हणून वापीला उतरून मी तिकडे गेलो. स्वागताला आलेल्या तरुणाने वाकून नमस्कार केला, तेव्हा ओळख पटायला मला थोडा वेळ लागला. वीस वर्षांपूर्वी हा माझ्याकडे शिकायला येत असे. सहा महिन्यांनी मी त्याच्या वडिलांना सांगितले होते की मुलाला कान नाही, पैसे व्यर्थ घालवू नका. सांगताना मुलगा दाराशीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला आपला कारखाना दाखवायला नेले. तो तेथे भट्टी सांभाळतो. भट्टी म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे भाता, निखारे आणि ठिणग्या आल्या. तेथे यांतले काहीच नव्हते. पोलादी पत्र्याचे एक थोरले कपाट, त्याला वर सरकणारे जाड दार, आणि शेजारी आकडे दाखवणारी पेटी. धूर नाही, राख नाही. आत उष्णता अडवणाऱ्या विटांचे अस्तर, आणि विटांच्या खाचांतून तारेची वेटोळी फिरवलेली. वीज सोडली की वेटोळी तापतात. निकेल व क्रोमियम यांची ही मिश्रतार अमेरिकेत अल्बर्ट मार्शने १९०५ साली तयार केली. तिचे मर्म असे की तापल्यावर तिच्या अंगावर एक पातळ साय धरते, आणि ती साय आतल्या धातूला हवेत जळू देत नाही. साधी लोखंडी तार तशा उष्णतेत लवकरच खपली धरून तुटेल. त्याआधी, १८७८ साली, इंग्लंडात विल्यम सीमेन्सने कांडीपासून धातूपर्यंत विजेची ज्वाला उडवून पोलाद वितळवणारी भट्टी केली होती. पण वितळवणे वेगळे, आणि घन पोलाद घनच ठेवून त्याचा स्वभाव पालटणे वेगळे. त्या दुसऱ्या कामाला सर्व बाजूंनी सारखी आणि ठरलेली उष्णता लागते. ती या वेटोळ्यांनी दिली.

स्वभाव पालटणे म्हणजे काय, हेही मला तेथेच नीट समजले. पोलादाचे दातेरी चाक साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवले की कमालीचे कठीण होते, पण त्याचबरोबर काचेसारखे ठिसूळ होते. ते पुन्हा दोन-तीनशे अंशांवर शेकले की ठिसूळपणा पुष्कळसा जातो आणि कठीणपणा बराचसा राहतो. तेच चाक तापवून भट्टीतच सावकाश निवू दिले तर मऊ पडते. चाक तेच, वजन तेच. फरक फक्त किती तापवले आणि कसे निवू दिले एवढ्याचा.

आमच्या लोहारांना हे अंश ठाऊक नव्हते, काम ठाऊक होते. ते रंग पाहत. गुंजेसारखे लाल झाले, केशरी झाले, पिवळ्यावर गेले, हे नीट दिसावे म्हणून त्यांच्या शाळेत मुद्दाम अंधार असे. पाणी दिलेले पाते घासून उजळायचे आणि पुन्हा शेकायचे. त्यावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. सुताराची पटाशी पिवळ्यावर थांबवायची, स्प्रिंग निळ्यापर्यंत न्यायची. क्षणभर नजर चुकली की काम वाया. वडिलांचा तंबोरा जुळवणे मी असेच पाहिले आहे, आणि ज्याचे इंद्रिय तयार नाही त्याला विद्या नाही, असेच मी आजवर मानत आलो.

रंगाची ही गोष्ट ऐकताना मला एकाएकी लक्ष्मणरावांची आठवण झाली. कारण लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नसत.

त्यांना व्हायचे होते चित्रकार. वडिलांच्या मनात नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने, १८८५ साली सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. रेषा उत्तम, हात स्थिर. पण रंगांशी गाठ पडली तेव्हा दोष उघड झाला. काही छटांमधला भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. हा शिकून किंवा सराव करून जाणारा दोष नव्हे. चित्रकलेचा नाद सोडून ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. मिळेल ते यंत्र उघडायचे, आतली रचना समजून घ्यायची, पुन्हा जुळवायचे, हा त्यांचा खरा अभ्यास. त्या काळी बेळगावात रामूअण्णांचे सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या. घेणाऱ्याला बसायलाही तेच शिकवीत. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा १८९७ साली लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास भावाकडे आले. दोन अपमान पचवून आलेला हा माणूस; एक निसर्गाने केलेला, दुसरा वरिष्ठांनी. त्यांतला पहिला जास्त लागला असावा, असा माझा तर्क आहे.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर. तो १९०३ च्या सुमारास तयार झाला, पण पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या समजुतीला आज हसणे सोपे आहे. ज्याचे सारे पोट एका जमिनीच्या तुकड्यावर, त्याने नव्या वस्तूला भ्यावे यात वावगे काही नाही. लक्ष्मणरावांनी नांगर घेऊन शेतात उभे राहावे, तो चालवून दाखवावा, आणि काय चुकते ते पाहून सुधारावे.

नांगराचे भाग बिडाचे. बिडाचे ओतकाम म्हणजे उभट भट्टीत कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर द्यायचे, खालून वारा मारायचा, आणि पातळ झालेला रस वाळूच्या साच्यात ओतायचा. पण त्याआधीचे काम मला अधिक मोलाचे वाटते. साचा होतो लाकडी नमुन्यावरून, आणि नमुना होतो कागदावरच्या आराखड्यावरून. बीड निवताना फुटामागे सुमारे आठवा भाग इंच आकसते. म्हणून नमुना तेवढा थोरला करावा लागतो. ही आकस धगधगत्या रसाकडे पाहून कोणाला दिसत नाही. ती आधीच कागदावर धरावी लागते. रेषा आणि माप यांतच लक्ष्मणरावांचे सामर्थ्य होते. दहावा नांगर पहिल्यासारखाच झाला पाहिजे, मोडलेला भाग काढून नवा बसला पाहिजे, हे त्या रेषेमुळेच साधते.

धंद्याला बाळसे येते न येते तोच जागेवर गदा आली. नगरपालिकेने तेथे नवी वसाहत वसवायची ठरवली आणि कारखाना हलवण्याची पाळी आली. त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधास बांधकाम चालू होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानावर ही अडचण गेली. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा देऊ केली, आणि वर १०,००० रुपये बिनव्याजी दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. रंगांनी नाकारलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने आसरा दिला, हा योग मोठा विलक्षण. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेर. १९१० साली तेथे वस्ती झाली, ती किर्लोस्करवाडी. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर ही माणसे तेथे वाढली. त्यांतील फळणीकरांचे शालेय शिक्षणही धड झालेले नव्हते. यंत्रांत मात्र त्यांची बुद्धी पाण्यासारखी चाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तर लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या रात्रपहाऱ्यावर नेमले. माणसावर एकदा बसलेला शिक्का ते कायमचा मानीत नसत.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा दोन्ही मिळेनासे झाले. आपल्या कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट त्या वेळची. शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या फोडून भट्टीत घातल्या गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. आजोळच्या गोठ्यातला नांगर कधी तोफ होता की काय, असा विचार मी लहानपणी पुष्कळदा केला आहे.

पुढची कथा बहुतेक मराठी घरांना तोंडपाठ आहे. १९२० साली पुतणे शंकरराव यांनी काढलेले मासिक, चिरंजीव शंतनुरावांचे अमेरिकेतील शिक्षण, पंप, तेलाची इंजिने, १९४१ पासून हरिहर येथील लेथ. लेथमधल्या दातेरी चाकांना आणि फिरत्या दांड्यांना मात्र नुसते ओतकाम पुरत नाही. तेथे मघाशी सांगितलेले कठीण करणे आणि शेकणे लागतेच. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये शताब्दीला सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांतही आता कोकच्या भट्ट्यांची जागा पुष्कळ ठिकाणी विजेच्या भट्ट्यांनी घेतली आहे.

हे सारे त्या कपाटापुढे उभे असताना मनात फिरत होते. विद्यार्थ्याने दार थोडे वर उचलले. आतली चाके आणि भिंती एकाच रंगाने उजळल्या होत्या, इतक्या सारख्या की चाक कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते ते कळू नये. रंग कोणता म्हणावा, असे त्याने मला विचारले. मी केशरी म्हणालो. तो म्हणाला की त्याचा मदतनीस याला लाल म्हणतो, आणि बाहेर ऊन असले की तोच मदतनीस आणखी काही म्हणतो. मग त्याने भिंतीतून आत गेलेली एक नळी दाखवली. तिच्यात दोन निराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात. ते टोक तापले की किंचितशी वीज उपजते, आणि तिच्यावरून पेटी अंश सांगते. जर्मन शास्त्रज्ञ झेबेकने हा गुण १८२१ साली हेरला, आणि फ्रान्समध्ये ल शातेलिए याने प्लॅटिनम व रोडियमच्या तारा योजून १८८० नंतरच्या दशकात त्याचे भरवशाचे साधन केले. म्हणजे लक्ष्मणराव कलाशाळेत रंगांशी झगडत होते त्याच सुमारास. पेटीवर ८४८ होते. पाहता पाहता ८५० झाले, आत कोठेतरी टक् असा आवाज झाला आणि वीज आपोआप तुटली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मघापासून एक स्वर चालू आहे. कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि ट्रान्सफॉर्मर गातो त्याच्या दुपटीत, शंभरात. पांढरी पाचच्या जरा वर, मंद्रात. मी तो स्वर हळूच धरला आणि त्याला ऐकू येतो का, असे विचारले. त्याने मान तिरकी करून लक्ष दिले. सात वर्षे येथे आहे, पण असे काही कधी जाणवले नाही, असे तो हसत म्हणाला. वीस वर्षांपूर्वी दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाविषयी मला त्याच्याशी बोलायचे होते. वापीच्या वाटेवरच तसे ठरवले होते. मी शब्द जुळवीत होतो. इतक्यात चाके तेलात बुडवण्याची वेळ झाली. त्याने मला दोन हात मागे उभे केले, हातमोजे चढवले आणि घड्याळाकडे पाहत दार पूर्ण वर घेतले.