जोड्यांचे कोडे सोडविणारे शास्त्रज्ञ : प्रा. चंचलकुमार मजुमदार

लहानपणी दौंडला मामाकडे गेलो की दोरीला चुंबक बांधून आम्ही धुळीतून फिरवीत असू. त्याला लोखंडाचा कीस चिकटला की कोण आनंद! पण चुंबकाच्या पोटात काय चालते, हे विचारावे असे कधी वाटले नाही. हे कोडे मुंबईत बसून सोडविणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ही ओळख.

चंचलकुमार मजुमदार यांचा जन्म १९३८ साली कलकत्त्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते अमेरिकेला गेले. तेथे वॉल्टर कोन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले.

चुंबकातील प्रत्येक अणू हा जणू एक चिमुकला चुंबकच असतो. लोखंडात शेजारी शेजारी एका दिशेला तोंड करतात. एक हलला की ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तशी लहर पुढे सरकते. ही स्पिनलहरींची कल्पना फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली मांडली. काही पदार्थांत मात्र शेजाऱ्यांना विरुद्ध तोंडे हवी असतात. त्यातच शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही तसाच विरोध असला, तर सर्वांचे समाधान होणार कसे?

१९६९ साली मजुमदार व दीपन घोष यांनी अशा एका रांगेचे गणित मांडले. दुसरा जोर पहिल्याच्या बरोबर निम्मा असेल, तर रांगेच्या जोड्या पडतात. रांगेतल्या मुलींनी दोघी-दोघींनी फुगडी धरावी तशा! हात डावीकडचीचा धरा वा उजवीकडचीचा, दोन्ही मांडण्या सारख्याच. दुसरा जोर पहिल्याच्या साधारण पावपटीहून कमी झाला, तर मात्र या जोड्या टिकत नाहीत. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. येथे केवळ जोरांचे प्रमाण बदलले की अवस्था पालटते.

हे प्रारूप आज जगभर मजुमदार–घोष या नावाने ओळखले जाते. १९७६ साली मजुमदारांना भटनागर पुरस्कार लाभला. कलकत्त्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. २००० साली, माझ्या जन्मापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिरूरला आलो तेव्हा प्रत्येक विषय डोंगराएवढा वाटे, अजूनही वाटतो. मजुमदारांनी सबंध चुंबक एकदम हाती घेतला नाही. एका रांगेपुरता प्रश्न घेतला आणि त्याचे उत्तर बिनचूक काढले. प्रश्न लहान करावा, पण उत्तर अर्धवट सोडू नये, एवढे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही त्यांच्याकडून घेता येईल. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

— द्वितीय वर्ष, कला