गुलामांचे कैवारी : डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन



चाकणवरून जाणाऱ्या महामार्गाने आपण नाशिकला जातो, तेव्हा तेथे शरणपूर रोड लागतो. शरणपूर ही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली वसाहत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे आसरा व शिक्षण मिळाले. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे नाव या शरणपूरशी जोडलेले आहे.

१९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावी त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. सकाळी सहा ते रात्री आठ गिरणी, मग रात्रशाळा. असे शिकून ते डॉक्टर व मिशनरी झाले आणि १८४१ मध्ये आफ्रिकेत पोहोचले. जखडलेल्या गुलामांचे तांडे पाहून त्यांचे मन पेटून उठले. नुसत्या दयेने हे थांबणार नाही, राज्यकर्त्यांना जागे केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

१८६५ मध्ये ते नाशिकला आले व शरणपूरचे काही तरुण आफ्रिकेच्या मोहिमेसाठी सोबत घेऊन गेले. पुढे आजारपणात त्यांना गुलामांच्या व्यापाऱ्यांचीच मदत घ्यावी लागली, हेही खरे. पण जुलै १८७१ मध्ये न्यांग्वेच्या बाजारात व्यापाऱ्यांनी केलेली कत्तल पाहून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी लिहिलेली हकीगत लंडनला पोहोचताच लोकमत खवळले. सरकारने मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना झांझिबारला पाठवले. ५ जून १८७३ च्या कराराने तेथील गुलामांचा बाजार बंद झाला.

हे पाहायला लिव्हिंग्स्टन उरले नव्हते. महिनाभर आधीच, मे महिन्याच्या आरंभी त्यांचे निधन झाले होते. सुसी, चुमा व इतर सोबत्यांनी त्यांचा देह सुमारे १,५०० किलोमीटर वाहून किनाऱ्यावर बागामोयोला आणला. तेथे आपल्या कॅथलिक मिशनने तो ठेवून घेतला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो गुलामीतून सुटलेला, नाशिकला शिकलेला.

आपल्या देशात वेठबिगारीविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. तरीही उचल घेतली म्हणून मजूर कुठे अडकून पडला असेल, तर ते पाहून आपण गप्प बसतो की बोलतो? बोलण्याचे धैर्य प्रभूने आपल्याला द्यावे, अशी आज प्रार्थना करू या.