गोविंदराव टेंबे आणि पेटीची प्रतिष्ठा

वाद्याची थोरवी वाद्यात असते की वाजविणाऱ्याच्या बोटांत, हा वाद आपल्याकडे पेटीच्या निमित्ताने दीर्घकाळ रंगला. त्यात श्रुतिशास्त्राचे दाखले देण्यात आले, स्वदेशी-विदेशीचे मुद्दे पुढे आले. परंतु ज्या एका कलावंताने आपल्या वादनानेच या प्रश्नाचे उत्तर दिले, त्याचे स्मरण या वादात अभावानेच झाले. तो कलावंत म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे.

१८८१ साली कोल्हापूरजवळील सांगवडे येथे गोविंदरावांचा जन्म झाला. त्यांच्या तारुण्यातील कोल्हापूर हे शाहू महाराजांच्या आश्रयामुळे गुणीजनांचे माहेरघर बनले होते. गानसम्राट अल्लादिया खाँ तेथे दरबारगायक होते. गोविंदरावांनी पेटीचे रीतसर शिक्षण कोणाकडे घेतले नाही. त्यांनी गाणे ऐकले आणि ते बोटांत उतरविले. पुढे भास्करबुवा बखले यांची साथ करता करता त्यांना गायकीचे मर्म उमगले, आणि हे ऋण त्यांनी जन्मभर मानले.

पेटी हे मूळचे युरोपचे अपत्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये ती घडली आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या सोयीचे रूप दिले. तिच्यातील उणीव उघड आहे. सप्तकाचे बारा सूर तिच्यात कायमचे बांधलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघू शकत नाही. पियानोलाही हेच बंधन आहे, आणि तुटक सुरांतून अखंड गाण्याचा भास निर्माण करणे हीच तेथील थोर वादकांची कसोटी ठरली. गोविंदरावांनी तीच कसोटी येथे स्वीकारली. भात्यावरील ताबा, कणस्वरांचा नेमका स्पर्श आणि गायकाच्या श्वासाची जाण यांच्या बळावर त्यांनी पेटीला गाते केले.

त्यांची खरी कीर्ती मात्र रंगभूमीवर झाली. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या. तोवर नाट्यपदांच्या चाली बहुतांशी कीर्तन, लावणी, साकी-दिंडी आणि कर्नाटकी वळणाच्या असत. गोविंदरावांनी ठुमरी, कजरी यांसारख्या पूरबी ढंगाचा गोडवा मराठी नाटकात आणला. बालगंधर्वांच्या कंठातून तो महाराष्ट्रभर पसरला, आणि ज्यांनी मैफलीत कधी पाऊल टाकले नव्हते अशा कारकून-मास्तरांच्या घरांतही रागदारीची गोडी शिरली.

१९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासमवेत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. परंतु ते तेथे फार काळ रमले नाहीत. १९१५ साली त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली; ती टिकली नाही. कलावंताच्या अंगी व्यवहाराचे कौशल्य असतेच असे नाही, हा आपल्या नाट्यव्यवसायाचा जुना धडा त्यांनाही गिरवावा लागला. तथापि ते खचले नाहीत. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्याचे संगीत गोविंदरावांचे होते आणि दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने अगदी नव्या माध्यमात दोन्ही जबाबदाऱ्या पेलाव्यात, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यांच्या लेखणीचे ऋण त्याहूनही मोठे आहे. ‘माझा संगीत-व्यासंग’ या ग्रंथातून त्यांनी ऐकलेल्या गाण्याचे डोळस विवेचन केले. भास्करबुवा आणि अल्लादिया खाँ यांची चरित्रे लिहिली. मैफल संपली की विरून जाणाऱ्या विद्येला त्यांनी शब्दांचा निवारा दिला. साथीदाराने मुख्य कलावंताचे चरित्र लिहावे आणि त्यात स्वतःला मागे ठेवावे, यात त्यांच्या साथीचा धर्मच दिसतो.

इकडे १९४० साली नभोवाणीने पेटीस बंदी केली. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीस विरोध होता. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर हे स्वतः मराठी भाषिक. पण त्यांच्या कारकिर्दीतही बंदी उठली नाही. १९५५ साली गोविंदराव दिल्लीत निवर्तले तेव्हा ती कायम होती. पुढे १९७०च्या दशकात ती सैल झाली.

पेटीवरील शास्त्रीय आक्षेप आजही खोटे ठरलेले नाहीत. तरीही कोल्हापुरापासून भिवंडीपर्यंत शाळेची प्रार्थना आणि देवळातील भजन पेटीवाचून अडते, आणि ख्यालगायकही तिची साथ घेतो. ज्या साधनाने सामान्य माणसाला सुराची ओळख करून दिली, त्याच्या मर्यादा मोजताना त्याचे उपकारही मोजले पाहिजेत. साधनाची मर्यादा मान्य करून तिच्यापलीकडे कसे जावे, हे गोविंदरावांनी दाखविले. अपुऱ्या साधनांनिशी शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे चरित्र म्हणूनच आपले वाटावे.