हुतात्मा भाई कोतवाल : गावाच्या बळावर शाळा

विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. कष्टाने शिकून ते वकील झाले. पुढे माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. पण त्यांचे मन रमले ते डोंगराखालच्या कर्जत तालुक्यातील शेतकरी आणि आदिवासींमध्ये.

या गावांतून त्यांनी सुमारे ४२ शाळा सुरू केल्या. त्या चालल्या स्वयंसेवकांच्या आणि गावकऱ्यांच्या आधारावर. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की शेतकरी सावकाराच्या दारी जाई. म्हणून भाईंनी धान्यकोठ्याही उभारल्या. घरात चूल पेटली तरच पोर पाटी घेऊन बसेल, हे ते जाणून होते.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

मित्रांनो, सिद्धगडचे भाई आपल्याला माहीत आहेत; शाळा काढणारे भाई मात्र फारसे आठवत नाहीत. शिळफाट्यापासून कर्जत जवळच आहे. आजही आपल्या परिसरात फी, वह्या किंवा एसटीच्या पासावाचून एखाद्याचे शिक्षण अडते. त्याला हात देणे, हीच आपल्या बॅचने भाईंना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.