कोरेश राजा

राजांचीं चरित्रें आम्ही शाळेंत पुष्कळ वाचतों. कोणीं किती लढाया जिंकल्या व कोणीं किती प्रांत घेतले, हें पाठ करण्यांत आमचा बराच काळ जातो. परंतु राज्यें देणारा व काढून घेणारा कोण, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. पवित्र शास्त्रांतील संदेष्ट्यांनीं मात्र तो वारंवार विचारिला; आणि त्याचें उत्तर देतांना त्यांनीं ज्या एका परकीय राजाचें नांव घेतलें, त्या कोरेशाचें चरित्र वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ग्रीक इतिहासावरून यालाच सायरस म्हणतात, व मुंबईच्या पारशी घराण्यांत हें नांव आजही मोठ्या प्रेमानें ठेवितात.

कोरेशाचा जन्म इ. स. पू. ६०० च्या सुमारास पारस देशांत झाला असावा. त्याचा पिता कंबुजीय हा तेथील एक लहानसा राजा असून मेदी लोकांच्या सत्तेखालीं होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो कीं, मेदी राजा अस्त्यागीस यास, आपल्या मुलीचा मुलगा आपलें राज्य घेईल, असें स्वप्न पडलें. म्हणून त्यानें त्या तान्ह्या बालकास मारून टाकण्याची आज्ञा केली. परंतु एका गुराख्याच्या बायकोनें त्यास आपल्या मेलेल्या मुलाच्या जागीं वाढविलें. आणि पुढें खेळांत राजा होऊन सवंगड्यांस हुकूम करितांना तो ओळखला गेला. कोरेशाविषयीं अशा निरनिराळ्या कथा आपल्या काळीं प्रचलित होत्या, असें हिरोडोटसच कबूल करितो; म्हणून ही गोष्ट आम्हीं कथा म्हणूनच घ्यावी.

यापुढील हकीकत मात्र इतिहास आहे. इ. स. पू. ५५० मध्यें अस्त्यागीस कोरेशावर चालून आला, तों त्याच्याच सैन्यानें बंड करून त्यास कोरेशाच्या स्वाधीन केलें. नंतर लुदियाचा धनाढ्य राजा क्रीसस याची पाळी आली. त्यानें डेल्फी येथील देवालयांत कौल लाविला, तेव्हां त्यानें स्वारी केल्यास एक मोठें राज्य बुडेल, असें उत्तर मिळालें, अशी कथा आहे. तें राज्य आपलेंच, हें त्यास पराभवानंतर कळलें.

त्या वेळीं यहूदी लोक बाबेलांत बंदिवासांत होते. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम जाळलें, मंदिर पाडिलें व त्यांतील सोन्यारुप्याचीं पात्रें बाबेलास नेलीं. राजा नाहीं, मंदिर नाहीं, देश नाहीं, अशी त्या लोकांची दशा झाली. बाबेलचीं दैवतें जिंकलीं व आमचा देव हरला, असें पुष्कळांस वाटूं लागलें असल्यास नवल नाहीं. परंतु बाबेलची सत्ता सत्तर वर्षांचीच आहे, असें यिर्मयानें सांगून ठेविलें होतें. आणि यशयाच्या ग्रंथांत कोरेशाचें नांव घेऊन, हा परमेश्वराचा मेंढपाळ व अभिषिक्त आहे, त्याच्यापुढें वेशींचीं दारें उघडतील, असें सांगितलें आहे. अभिषिक्त ही पदवी दाविदाच्या वंशाची. ती एका परकीयास, व परमेश्वराला न ओळखणाऱ्यास मिळावी, हें कित्येकांस रुचलें नसावें. कारण त्याच अध्यायांत संदेष्टा त्यांस विचारितो कीं, माती कुंभाराशीं वाद घालते काय?

इ. स. पू. ५३९ मध्यें तसेंच घडलें. बाबेलचा राजा नबोनिदस बरींच वर्षें अरबस्तानांत राहिला होता, व त्याचा पुत्र बेलशस्सर राजधानींत कारभार पाहत असे. दानीएलाच्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, बेलशस्सरानें मेजवानींत मंदिराचीं पवित्र पात्रें मद्य पिण्यास आणविलीं, तेव्हां भिंतीवर हाताचीं बोटें लिहितांना दिसलीं. तो तोलला गेला व उणा भरला, असा अर्थ दानीएलानें सांगितला, आणि त्याच रात्रीं बेलशस्सर मारला गेला. बाबेलची बखरही सांगते कीं, कोरेशाचें सैन्य युद्धावांचून नगरांत शिरलें. प्रचंड तटांचा कांहींच उपयोग झाला नाहीं.

पुढच्याच वर्षीं कोरेशानें यहूदी लोकांस स्वदेशीं जाण्याची व मंदिर बांधण्याची परवानगी दिली. एज्राच्या ग्रंथाप्रमाणें त्यानें ५,४०० पात्रें परत केलीं व ४२,३६० लोक यरुशलेमेकडे परतले. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हां पहिलें मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानें रडले व तरुणांनीं हर्षाचा गजर केला; दूरच्या माणसास रडणें कोणतें व हर्ष कोणता, हें कळेना.

बाबेलच्या अवशेषांत १८७९ सालीं मोसल येथील होरमुझ्द रस्साम या ख्रिस्ती संशोधकास मातीची एक भाजलेली नळकांडी सांपडली. तिच्यावर कोरेशाच्या नांवानें बाबेलच्या विजयाची हकीकत कोरलेली आहे. ती ब्रिटिश म्यूझियमची असून, २०१३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत दर्शनासाठीं आणिली होती. तिच्यांत यहूदी लोकांचें नांव नाहीं, व विजयाचें श्रेय बाबेलचें दैवत मर्दूक यास दिलें आहे. हें वाचून कित्येक भाविक खिन्न होतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. तो मला ओळखीत नाहीं, तरी मीं त्यास हातीं धरिलें आहे, या अर्थाचेंच परमेश्वराचें म्हणणें संदेष्ट्यानें सांगितलें होतें; मग मातीच्या त्या लेखानें शास्त्र खोटें ठरत नाहीं, उलट त्याचा अर्थ अधिक उघड होतो.

कोरेश इ. स. पू. ५३० मध्यें, हिरोडोटसाच्या मतें लढाईंत, मरण पावला. इराणांत पासारगादी येथें त्याची साधी दगडी कबर अजून उभी आहे. त्याचें साम्राज्य सुमारें दोनशें वर्षांनीं शिकंदरानें बुडविलें, व शिकंदराचेंही त्याच्यामागें टिकलें नाहीं.

यांतून आम्हीं दोन गोष्टी घ्याव्या. ज्याच्या हातीं अधिकार आहे, मग तो राज्याचा असो, वर्गाचा असो कीं घराचा असो, त्यानें तो उसना समजून वापरावा. कारण हिशेब मागणारा वर आहे. आणि अमका आमच्यांतला नाहीं, म्हणून देव त्याच्याकडून कांहीं चांगलें करवून घेणार नाहीं, असें आम्हीं कधींही म्हणूं नये. बंदिवानांची बेडी ज्या हातानें तुटली, तो हात परक्याचा होता. त्यास चालविणारा मात्र परका नव्हता.