राजाचा विवेक आणि प्रजेचा कौल

मतदारांनी निवडून दिलेल्या कॅथलिक प्रतिनिधीने आपल्या धर्माच्या शिकवणीप्रमाणे मत द्यावे की मतदारांच्या इच्छेप्रमाणे, हा प्रश्न जुना आहे. घटस्फोट किंवा गर्भपात यांसंबंधीचा कायदा विधिमंडळापुढे आला की तो नव्याने उभा राहतो. १९६० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे असलेल्या जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत त्याचे उत्तर द्यावे लागले. राज्यकारभारात आपण धर्मपीठाची आज्ञा मानणार नाही, आणि सदसद्विवेक व राष्ट्रहित यांचा मेळ बसेनासा झाला तर पद सोडू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आपल्या गोमंतकात कॅथलिक आमदार प्रत्येक विधानसभेत बसत आले आहेत. तेव्हा हा प्रश्न आम्हांला परका नाही. परंतु तो एका धर्मापुरता मर्यादितही नाही. ज्याच्या मनात श्रद्धा आणि हाती सत्ता आहे, अशा प्रत्येकाचा तो आहे. म्हणूनच त्याचा विचार करताना आम्हांला बडोद्याची आठवण होते. तेथे एका हिंदू राजाने लोकांचा कौल न घेता, अनेकदा तो आपल्या विरुद्ध आहे हे ठाऊक असूनही, आपल्या विवेकाप्रमाणे राज्य केले.

महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव, घर शेतकऱ्याचे. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि महाराणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची विसकटलेली घडी बसविली, तर इलियट या इंग्रज शिक्षकाने राजाला घडविले. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती संपूर्ण अधिकार आले. पुढच्याच वर्षापासून अस्पृश्यांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा निघू लागल्या. त्या शाळांवर काम करण्यास सवर्ण शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. प्रजेचा कौल काय होता, हे यावरून उघड दिसते.

महाराज धर्मविन्मुख नव्हते. पुराणोक्त संस्कार म्हणजे शूद्रत्वाचा शिक्का आहे हे ओळखून, १८९६ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने करण्याचा आग्रह धरला. कोल्हापुरातील सुप्रसिद्ध वेदोक्त प्रकरणाच्या आधीची ही गोष्ट आहे. बडोदे कॉलेजात त्यांनी धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली. प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला उभी केली. धर्म टाकून सुधारणा करावी असे त्यांना कधीच वाटले नाही. धर्म शुद्ध करणे हे राजाचे कर्तव्य आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचे कायदे त्या श्रद्धेतूनच निघाले.

१९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आला. १९१५ साली पुरोहितांना परीक्षेची अट घालणारा कायदा झाला. १९३१ साली हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा अधिकार मिळाला. साऱ्या देशातील हिंदूंना तो १९५५ पर्यंत मिळाला नव्हता. बडोद्यात धारासभा स्थापन झाली ती १९०८ मध्ये, आणि तिचे अधिकारही बेताचेच होते. बालविवाहाचा कायदा जर प्रौढ मतदारांच्या मतास टाकला असता तर तो फेटाळला गेला असता, याविषयी आम्हांला शंका नाही. लोकांनी तो वेगळ्या रीतीने फेटाळलाच. मुलीचे लग्न लहानपणीच लावायचे आणि दंडाची रक्कम लग्नखर्चात धरायची, हा मार्ग कित्येकांनी पत्करला.

याउलट सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट पाहावी. तेही लोकांनी मागितलेले नव्हते. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग झाला आणि तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ मध्ये, तो साऱ्या राज्यास लागू झाला. १९१० पासून ग्रंथालये गावोगाव पोहोचू लागली. येथे हुकुमाबरोबर शाळा होती, शिक्षक होता, पुस्तक होते. राजाचा विवेक लोकांच्या घरात शिरला तो या वाटेने.

ज्या घरात तो शिरला नाही, तेथे काय घडले याचा दाखलाही बडोद्यातच मिळतो. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. राजा त्यांच्या बाजूचा होता, शहर नव्हते. राहण्यास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात थोडे दिवस निघाले, तोच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सरकारी बंगल्याचा अर्ज दिवाणांच्या कचेरीत अडकून पडला. एका हिंदू स्नेह्याने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. त्या दोघांची मने वाईट नव्हती. त्यांच्या विवेकाला घरातला कौल मोडवला नाही, इतकेच. पुढील वर्षी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षस्थान सयाजीरावांनीच भूषविले. पण बाबासाहेब तोवर बडोदे सोडून गेले होते.

काळाने महाराजांच्या बाजूने निकाल दिला आहे. १९२९ चा शारदा कायदा आणि राज्यघटनेचे सतरावे कलम हे त्यांनी धरलेल्या वाटेवरचेच टप्पे होत. तेव्हा सत्ताधाऱ्याने आपल्या विवेकाप्रमाणे खुशाल वागावे, लोक मागाहून येतील, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांला तो मान्य नाही. त्याच गादीवर सयाजीरावांपूर्वी मल्हारराव बसले होते. त्यांनीही प्रजेला विचारले नव्हते. अनिर्बंध सत्तेला सज्जन धनी लाभणे हा बडोद्याचा भाग्ययोग होता, आणि भाग्ययोगावर राज्यव्यवस्था उभी करता येत नाही.

निवडून आलेल्या प्रतिनिधीला सयाजीरावांइतकी मोकळीक नाही, हे योग्यच आहे. मात्र महाराजांना नसलेली दोन साधने त्याच्यापाशी आहेत. आपली श्रद्धा कोठे आड येईल हे तो निवडणुकीपूर्वीच सांगू शकतो; आणि मार्ग उरला नाही तर पद सोडू शकतो. एडमंड बर्क यांनी १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना आपण त्यांचे केवळ निरोप्ये नाही असे बजावले. पुढे कॅथलिकांवरील निर्बंध सैल करण्यास त्यांनी पाठिंबा दिला, व्यापाऱ्यांचा रोष ओढवला आणि १७८० मध्ये पराभव दिसताच उमेदवारी मागे घेतली. विवेकाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. मतदारांच्या माथी मारली नाही.

कॅथलिक असो, हिंदू असो वा मुसलमान, प्रतिनिधीकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. त्याने श्रद्धा घरी ठेवून यावे असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धाहीन माणूस अधिक न्यायी असतो असा अनुभव नाही. पण सर्वांना बांधणारा कायदा करताना किंवा रोखताना त्याने दिलेले कारण, अन्य धर्माच्या मतदारालाही पारखून पाहता आले पाहिजे. केवळ धर्मगुरूचा शब्द हे असे कारण नव्हे, आणि केवळ मतांची बेरीज हेही नव्हे. मतदारांनीही प्रतिनिधीला होयबा समजू नये.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. दहा वर्षांनी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गादी गेली, आणि तिचा अधिकार मतदारांकडे आला. राजा सज्जन निघावा म्हणून प्रजा पूर्वी केवळ प्रार्थना करू शकत होती. आता ती निवड करू शकते. ती निवड करताना उमेदवाराला त्याच्या विवेकाविषयी उघडपणे विचारावे, आणि त्याने उघडपणे उत्तर द्यावे. मत मागण्यापूर्वी जो हे उत्तर देत नाही, त्याला निवडून आल्यावर विवेकाची सबब सांगण्याचा अधिकार उरत नाही.